सईदी पाटलाची शपथ

"आणखी एक भाकर घ्या, नाहीतर माझा तलाक झाला समजा," असं म्हणून त्याने माझ्या ताटात तिसरी भाकर टाकली. मी घाबरून त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे पाणी ओतत होती. दक्षिण इजिप्तमधल्या सईदी माणसाची शपथ अशीच असते आणि ती मोडायची नसते, हे मला त्या दुपारी जपानमधल्या ग्योतोकुत, त्याच्या घरी, पोट फुटायची वेळ आल्यावर कळलं. भरघोस मिशा आणि हा आग्रह, म्हणून मी त्याचं नाव पाटील ठेवलं.

कैरोवाल्यांच्या लेखी सईदी म्हणजे अडाणी, हट्टी, मालिकेतला वेंधळा वॉचमन. पाटील इंजिनीअर होता, जपानी माझ्याहून सफाईने बोलायचा. तरी तोयोसुच्या ऑफिसात आमचा कैरोचा टीम लीडर रोज सईदींवर एक विनोद सांगायचा. पाटीलही हसायचा. "नाही हसलो तर त्याचाही विनोद करतात," तो मला म्हणाला होता. मी मात्र ते विनोद आमच्या गणपतीत नकलांसकट सांगून टाळ्या घ्यायचो.

एकदा जेवणाच्या सुट्टीत लीडरने बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर दोन तास अडकून राहिलेला सईदी रंगवला आणि शेवटी म्हणाला, "तो याचा बाप होता." आम्ही सातजण हसलो. सगळ्यांत मोठ्याने मी. पाटील उठला. या सातजणांसमोर शब्द मागे घेईपर्यंत याच्या हाताखाली काम करणार नाही, अशी शपथ घेऊन मोकळा झाला.

महिनाअखेरीला त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, नवं मिळणार होतं ते लीडरच्याच हाताखाली. त्यावर व्हिसा, व्हिसावर मुलींची शाळा. लीडर एकट्यात माफी मागायला तयार होता, सगळ्यांसमोर नाही. मी पाटलाला समजवायला गेलो.

"मागे फिरलो तर गावात तोंड दाखवता येणार नाही," तो म्हणाला. "नाही फिरलो, तर सईदी हट्टी असतात हा त्यांचा विनोद खरा. सांगा, कुठून बाहेर पडू?"

मला सुचलं ते नाटक. शेवटच्या दिवशी केकच्या निमित्ताने सगळ्यांना मीटिंग रूममध्ये गोळा केलं, दार अडवून उभा राहिलो आणि आधी स्वतःच माफी मागितली. हसलो म्हणून, आणि ते विनोद घरोघर नेले म्हणून. वाटलं, लाजेखातर तरी लीडर बोलेल. तो केक खात राहिला.

पाटलाने माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमची माफी पोचली, जोशी-सान. पण शपथ तुमच्या नावाची नाही."

गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याने टेबलावर ठेवलं. मी अजून दारातच होतो.

"सरका," तो हळूच म्हणाला.

मी सरकलो.