खिडकीची कडी

दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये आमच्या समोर राहणाऱ्या काकूंनी नवऱ्याच्या बदल्यांपायी दिल्ली, झाशी, भोपाळ असं फिरत आठ सरकारी क्वार्टर बदललेत. त्यामुळे कुणी घर बदलायचं म्हटलं की त्या न विचारता सल्ला देतात आणि प्रत्येक सल्ल्याला एक ठसठशीत ‘बिल्कुल’ लावतात.

मला विशाखापट्टणमला नोकरी लागली. तिथला एजंट व्हिडिओ कॉलवर समुद्रासमोरचं भाड्याचं घर दाखवत होता आणि मी हरखून बघत होतो. काकूंनी माझ्या हातातला फोनच घेतला.

"भैया, समंदर छोडिए. खिडकी की कुंडी दिखाइए."

कडी गंजून घट्ट बसली होती. मग त्यांनी नळ पाहिले, बिजागऱ्या पाहिल्या, खालचा रस्ताही बघून घेतला. तिथे नुसती हॉटेलं. दूध-भाजीचं एक दुकान नाही.

"दोन गल्ल्या आत घे," त्या मला म्हणाल्या. "खारा वारा कमी लागेल, शेजारपाजारही असेल. इथे बिल्कुल नको."

मी मान डोलावली आणि फोन मागितला. त्यांनी दिला नाही. चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि एजंटला म्हणाल्या, "भैया, अब थोडा समंदर दिखाइए."