खिरीच्या पिशवीतला कागद

माझ्या मुलाच्या पहिल्या घासावर माझ्या सख्ख्या भावाने अट घातली होती. हे वाक्य मी एखाद्या सभेत टाकलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. घरात ते तोंडातून निघत नव्हतं. लाज वाटत होती, आणि आपल्याला लाज वाटते याचाच जास्त संताप येत होता.

वडील गेल्यावर पन्हाळ्याखालची आमची भाताची जमीन आईच्या, दादाच्या आणि माझ्या नावावर लागली. मला वाटा नको असं लिहून दे, हा दादाचा आग्रह. आमच्याकडे याला आग्रह म्हणायची रीत आहे. हक्कसोडपत्रावर सही केली तर बहिणीला दिवाळीची साडी, नाही केली तर माहेरचं दार बंद. आणि मी कोण? बायकांनी असल्या सह्या करू नयेत म्हणून पत्रकं लिहिणारी, कोल्हापूरच्या पेठांमधून ती वाटत फिरणारी. मी केली नाही सही. दादाने बोलणं टाकलं. टाकू दे म्हटलं.

मग मूल झालं. सहा महिन्यांचं झालं आणि उष्टावणाचा विषय निघाला. बाळाला पहिला घास मामाने भरवायचा. मामाने आपल्या घरच्या तांदळाची खीर आणायची, सोन्याची अंगठी तिच्यात बुडवून बाळाच्या ओठांना लावायची. तोवर दुधाशिवाय त्याच्या तोंडात काही जाता कामा नये. हा माझ्या सासूबाईंचा कायदा. त्यांना मी आत्या म्हणते.

मी दादाला फोन केला.

"येतो की," तो म्हणाला. "आधी सही कर. दुसऱ्या दिवशी खीर घिऊन तुझ्या दारात हुबा ऱ्हातो."

"पोराच्या घासाचा आणि जमिनीचा काय संबंध रे?"

"मामा पायजे तवा नातं, जमीन पायजे तवा कायदा. दोन्ही हातांनी कसं खातीस तू?"

मी फोन आपटला. आत्यांना एवढंच सांगितलं, दादाला सवड नाही.

"भाच्यासाठी सवड न्हाय? असं कसं? यील की. थांबूया."

थांबूया म्हणणं मोठ्यांना सोपं असतं. मुलगा आमच्या प्रत्येकाच्या हाताकडे बघायचा. भाकरीचा तुकडा मोडला की त्याची नजर ताटापासून तोंडापर्यंत जायची, आणि मग त्याचंच तोंड हलायचं, रिकामं. मला जेवण गिळवेना. अंगणवाडीत वजन केलं तर काटा मागच्या वेळच्याच जागी. सेविका ताई माझ्यावर चढलीच. "अजून दुधावरच? अहो, तुम्हीच गल्लीत पत्रकं वाटता ना? आम्ही बायकांना सांगायचं आणि तुम्ही घरात हे?"

मी तिथून तणतणत घरी आले. "आत्या, मी आज भरवणार त्याला. बास झालं."

"मामाच्या आधी?" त्या जात्याच मोठ्या आवाजात बोलायच्या, गल्लीला ऐकू जाईल असं. "बिनमामाचं पोर हाय व्हय ते? चांगला जित्ता मामा हाय त्याला. पुन्ना फोन लाव."

नवरा वारणेच्या बाजूला डेअरीत पाळीवर असतो. तो आला, पाणी प्याला, म्हणाला, "चार दिवस थांबू. आईला कशाला दुखवायचं?" चार दिवस! पुरुषांच्या तोंडून हे दोन शब्द मी इतके ऐकलेत की त्यांच्यावर एक स्वतंत्र पत्रक काढता येईल. पोटाला सांगून बघा म्हणावं, चार दिवस थांब.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला घेऊन आमच्या महिला संघटनेच्या खोलीवर गेले. तिथे चहापुरता गॅस आहे. तांदूळ, मुगाची डाळ असा गुरगुट्या भात शिजवला, बोटांनी रगडून रगडून लगदा केला, तुपाचा थेंब सोडला. नव्या पत्रकांचा गठ्ठा टेबलावर होता, त्यावरच वाटी ठेवली. पहिला घास त्याने जिभेने बाहेर ढकलला. दुसराही. तिसरा आत गेला आणि अडकला.

त्याचं तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागेना की आवाज फुटेना. मी त्याला मांडीवर पालथा घेतला. डोक्यात एकच विचार: याला काही झालं तर सगळं गाव म्हणेल, मामाच्या हातचं पडायच्या आधी हिने हात लावला, म्हणून झालं. मग उबळ येऊन तो खोकला, भाताचा गोळा पत्रकावर पडला, आणि हे महाशय रडायचं सोडून पुन्हा वाटीकडे बघायला लागले.

संघटनेतली माझी मैत्रीण दारात उभी होती. "मोर्चात पोलिसांपुढं एवढी थरथरत न्हाईस गं तू," ती म्हणाली.

मी वाटी बाजूला केली. गोळा पुसला. खालच्या कागदावर माझंच वाक्य होतं: बहिणींनो, सही करण्याआधी वाचा. 'वाचा'वर तुपाचा डाग पडला होता.

तेव्हापासून रोज भरवायला लागले. चोरून. कलेक्टर कचेरीच्या दारात घसा फोडणारी मी, पोटच्या पोराला मूगभात चोरून घालत होते. घरी जाण्याआधी त्याची हनुवटी, गळ्याच्या वळ्या, कानामागचं सगळं पुसायचे. मुलगा भरायला लागला. आत्या मात्र दर दोन दिवसांनी विचारायच्या, "लावलास का फोन मामाला?" मी दात चावून "लावते" म्हणायचे. त्यांच्या हट्टाचा मला वीट आला होता. एक गोष्ट तेवढी बरी घडत होती. लंगोट धुवायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं. "तू दमून येतीस. ऱ्हाऊ दे. मी धुतो." हट्टाची भरपाई करताहेत, असं मी समजत होते.

शेवटी त्यांनीच नवऱ्याच्या फोनवरून दादाला गाठलं. काय बोलल्या माहीत नाही. पण रविवारी दादा आला. बरोबर वहिनी, हातात कापडी पिशवी.

पाट मांडला. रांगोळी काढली. दादाने मुलाला मांडीवर घेतलं, आणि खोटं का बोलू, त्याने घेतलं ते नीट, मानेखाली हात देऊन. क्षणभर वाटलं, विसरलाय तो सगळं. मग त्याने पिशवीतून डबा काढला, आणि डब्याखालून प्लॅस्टिकची फाईल. डबा कलला असावा. कागदाच्या कडेला खीर लागली होती. त्याने ती अंगठ्याने पुसली आणि पेन उघडून माझ्यापुढे धरलं.

"एवढी सही कर. मग भरवतो."

आत्या औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. "कसली सही?"

आता लपवायचं काय राहिलं होतं? मी सांगितलं. फोन, अट, सगळं.

"तुमी मधी पडू नगासा," दादा आत्यांना म्हणाला. "शेतात राबतो मी. चिखलात मी. ही शहरात बसून कागद वाटनार, आनि वाटा मागनार? लावणीला किती येळा आलीस गं?"

"लग्न होईपर्यंत दरवर्षी. तू टीव्हीवर मॅच बघत होतास तेव्हा."

वहिनी मान खाली घालून हसल्याचं मला दिसलं. दादालाही दिसलं. त्याचा चेहरा उतरला, आणि आवाज चढला. "मग उपाशी ठेव पोराला! बग कसं आ करतंय. तुझ्या हेक्यापायी उपाशी हाय त्ये!"

मुलगा खरंच आ करत होता. डब्याच्या वासावर, चमच्याची सवय झालेल्या पोरासारखा. माझ्या घशाशी वाक्य आलं होतं: तो उपाशी नाही, मी त्याला रोज जेवू घालते. बोलले असते तर दादाची अट तिथेच मेली असती. पण आत्यांचा कायदा त्यांच्याच घरात, पाहुण्यांपुढे, त्यांच्या हातात ताट असताना मोडला असता. आणि मला याच घरात राहायचं होतं. मी तोंड उघडलं.

"पावणं," आत्या माझ्या आधी बोलल्या. "पोरगं उपाशी न्हाय. कवाधरनं भात खातंय त्ये."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बगतीस?" त्या मला म्हणाल्या. "लंगोट कोन धुतंय? दुधाचं येगळं, भाताचं येगळं, कळंना व्हय मला? एक दिवस मुगाचं सालपाट निघालं. नीट रगडत जा की." मग दादाकडे वळल्या. "भरवायचं तर भरवा. न्हायतर पोरगं द्या हिकडं."

दादाचा हात बोटातल्या अंगठीपाशी गेला. तिथेच थांबला. मग त्याने मुलाला पाटावर ठेवलं, फाईल उचलली आणि पायात चपला घातल्या. वहिनी एक क्षण मागे रेंगाळल्या, डबा माझ्याकडे सरकवला. "डबा सवडीनं द्या, वन्सं."

ते गेल्यावर मी आत्यांवर भडकलेच. माहीत होतं, तर 'फोन लाव, फोन लाव' कशासाठी चाललं होतं?

"घास तू दिलतास की. मामा पोरासाठी नगो हुता मला. तुझ्यासाठी हुता." त्यांनी ताट खाली ठेवलं. "उद्या माझ्यासंगं भांडलीस तर जायाला एक दार नगो?"

मी डबा पुढे ओढला. 

खीर आम्ही खाल्ली. मुलाने एक थेंब चाटून तोंड वाकडं केलं, त्याला मूगभातच हवा होता. मी मात्र पोटभर खाल्ली. तांदूळ माझ्या शेतातला होता.

संध्याकाळी आत्यांनी डबा धुऊन नाचणीच्या पिठाने भरला. रिकामा डबा परत करायचा नसतो. त्यांची पाठ वळल्यावर मी झाकणाखाली एक पत्रक घडी करून ठेवलं. त्यांनी झाकण दाबायला घेतलं, बसेना म्हणून काढलं, आणि कागद दोन बोटांनी माझ्यापुढे धरला.

"खायाच्यात कागद घालत्यात व्हय? त्यानं घातला, आता तूबी घालनार? सांगायचं त्ये तोंडावर सांग त्याच्या."

मी पत्रक पर्समध्ये टाकलं. सकाळी मुलाला कडेवर आणि डबा पिशवीत घेऊन पन्हाळ्याच्या एसटीत बसले. दादा दार उघडेल की नाही, माहीत नव्हतं. सही मी करणार नव्हते. मुलगा सबंध रस्ता डब्याची कडी चावत होता.