व्हाय सरांनी आणलेलं पाणी

जानेफळला आमच्या शाळेत इंग्रजीच्या सरांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळं गाव त्यांना 'व्हाय सर' म्हणायचं. तुम्ही इंग्रजीत कितीही मोडकंतोडकं बोला, सर चूक काढायचे नाहीत. डोळे बारीक करून एवढंच विचारायचे, "व्हाय?"

तासाची पहिली दहा मिनिटं शाळेत येताना काय पाहिलं ते सांगायची. एकदा मी उठून म्हणाले, "डॉग सिटिंग ट्रॅक्टर." वर्ग फिदीफिदी हसला. सर मात्र गंभीर. "व्हाय?" मी घाम पुसत म्हटलं, "ड्रायव्हर ड्रिंकिंग टी." सरांनी अशी टाळी वाजवली, की मला वाटलं मी विमानच उडवलं. मग ट्रॅक्टर कुणाचा, चहा कुणाच्या हॉटेलात, कुत्र्याला खाली कोण उतरवणार... दहा मिनिटं मी इंग्रजीत बोलत होते आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. आज मी चिखलीला इंग्रजी शिकवते. कैक प्रशिक्षणं बसून काढली, पण याहून शहाणपणाचं काही कानावर पडलं नाही.

गाइडचा त्यांना भारी तिटकारा. सापडलं की कपाटात कुलूपबंद. "चुकलं तर चुकू दे बे, पण तुह्यं असू दे," असं म्हणायचे. आम्ही ते खरं मानलं. मी तर जरा जास्तच.

दहावीचा इंग्रजीचा पेपर. त्या दिवशी त्या विषयाच्या शिक्षकानं केंद्रावर यायचं नसतं. तरी सर आले, एका हातात पाण्याचा जग, दुसऱ्या हातात पेले. प्रत्येक पेल्याखाली घडी घातलेली चिठ्ठी. मी आठवडी बाजारावर निबंध लिहीत होते, आईच्या बांगड्यांच्या दुकानाचा. अर्धा झाला होता आणि चांगला झाला होता. पेला ठेवताना सर वाकून पुटपुटले, "खोड ते. हे उतरव. शाळेच्या निकालाचा सवाल हाये." चिठ्ठीतला निबंध गाइडमधला होता.

मी खोडला नाही. चिठ्ठीवाल्या मैत्रिणी मार्कांत माझ्या पुढे गेल्या, त्याचं दुःख चार दिवसांत ओसरलं. दुसरं मात्र आजही सलतं. सरांनी शिकवलेल्यावर माझा विश्वास बसला होता, त्यांचाच नव्हता. फसवलं त्यांनी मला. याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

यंदा ते माझ्या शाळेत आले. त्यांची नात माझ्याच वर्गात, दहावीला. चहा आला, इकडचं तिकडचं झालं. मग आवाज खाली आला.

"पोरीले जरा सांभाळून घेजो पेपरात."

"सर, तिले येते इंग्रजी. चांगली येते. मी शिकवलं हाये तिले."

सरांनी उचललेला पेला परत खाली ठेवला. "मीबी तुले शिकवलंच होतं ना," ते म्हणाले. "तरी भेव वाटलंच."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्याबद्दल बोलले होते. तरी मी 'नाही'च म्हटलं. चहा तसाच ठेवून ते उठले. मी फाटकापर्यंत पोचवायला गेले, पण पाया पडायला वाकणं काही झालं नाही.