दादाची बिअर उन्हात नेऊन ठेवली

मी या ग्रुपवर सहसा काही लिहीत नाही. पण तुमच्यापैकी बरेच जण आज दादाच्या तेरवीला जेवून गेलात, म्हणून लिहिते.

दादा घरी बिअर करायचा. मेहकरच्या उन्हाळ्यात ती बिघडू नये म्हणून बिअरची बादली कूलरच्या टाकीत, पाण्यात ठेवायचा. अपघाताच्या दोन दिवस आधी त्याने शेवटची बादली आंबायला लावली. तो गेल्यापासून मी रोज टाकीत गार पाणी भरत होते. दुसरं काही सुचतच नव्हतं.

आज पंगती उठल्यावर पाहिलं, तर बादली गच्चीवर, सकाळपासून उन्हात. हाताला चटका बसला. झाकण उघडलं तर नुसता आंबूस वास. सगळी बिअर वाया गेली.

मी खाली येऊन विचारलं, "काका, बादली वर काऊन ठेवली?"

"तेरवीच्या घरात दारू शोभते काय व? लोक काय म्हणतीन? अन् त्याच्यापायीच गेला ना तो!"

"हाव ना, खरं हाय," बाजूचे दोघंतिघं म्हणाले.

दादा सकाळी कामावर जात होता. उलट्या बाजूने आलेल्या ट्रकने त्याला उडवलं. काकांना हे माहीत आहे, दवाखान्यात तेच होते. तरीही मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग अजून जात नाही.

म्हणून आता विचारते. दादाला पिऊन झिंगलेलं तुमच्यापैकी कोणी, कधी पाहिलं? पाहिलं असेल तर खाली स्वतःच्या नावाने लिहा. नसेल, तर आमच्याच अंगणात उभं राहून "हाव" काऊन म्हणालात?