खंडाच्या दिवशीचं पाणी

ज्ञानूनानांना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. ऑफिसात स्टूल पुढे केलं तरी ते दारातच उभे, एक पाय आत, एक बाहेर, हातात व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी. "बसायला कुटं येळ हाय? पाणी कुणाची वाट बगत न्हाई," म्हणायचे आणि चालू लागायचे. आष्ट्याकडच्या आमच्या गावाला पाणी सोडणारा हा माणूस.

पाणी समिती नगरपालिकेचीच, पण कागदोपत्री वेगळी. म्हणून पालिकेच्या शिपायाला पेन्शन आणि नानांना नाही. शिवाय नोकरी पक्की होऊ नये म्हणून समिती दर अकरा महिन्यांनी त्यांना एक दिवस कामावरून काढी आणि दुसऱ्या दिवशी परत घेई. ते हुकूम मीच लिहायचो, कारकून ना मी! लाज तेव्हा वाटली नाही, आज वाटते.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर पालिकेने ठराव केला, समितीच्या माणसांनाही पेन्शन. अट एकच, नोकरीत खंड नको. नानांची निवृत्ती तोंडावर आलेली. दिवसातून तीनदा ऑफिसच्या दारात.

"भाऊसायेब, माजं नाव बसतंय न्हवं?"

"खंड आहेत, नाना."

"आवं, म्या एक दिसबी घरी न्हवतो. वही बगा की."

पाण्याची वही काढली. दर खंडाच्या दिवशी त्यांच्या हातचं लिहिलेलं : 'पाच वाजता पाणी सोडले. आज मी कामावर नाही.' मी कपाळावर हात मारला.

"ती दुसरी ओळ खोडा. काम होईल."

"न्हाई. तुमीच काडलं हुतं न्हवं मला? मग कामावर हाय असं कसं लिवू? पर गाव तान्हेलं कसं ठिवायचं?"

वही तशीच मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी वाचलं, दारात उभ्या नानांकडे पाहिलं. "मग चावी कुणी फिरवली?"

"म्याच की, सायेब."

 साहेबांनी माझे हुकूम बाजूला सारले आणि पेन्शनच्या कागदावर सही केली. मी आनंदाने वळून पाहिलं तर दार रिकामं. पेठेतलं पाणी बंद करायची वेळ झाली होती.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी नवा माणूस पहाटे टाकीवर गेला, तर पाणी सुटलेलं. वही त्याने माझ्याकडे आणली. तेच अक्षर, त्याच दोन ओळी.

'आज मी कामावर नाही.' इतक्या वर्षांत ती ओळ पहिल्यांदा खरी होती. आधीच्या सगळ्या खोट्या माझ्या हुकमांनी त्यांच्याकडून लिहून घेतल्या होत्या.