शाई ओली, बातमी शिळी

शेअरची ‘खास आतली’ टीप तुमच्यापर्यंत पोचते, तेव्हा ती तुमच्याआधी किती जणांना कळलेली असते?

महाडला चवदार तळ्याजवळ पत्रकं छापणारे आमच्या ओळखीचे काका प्रत्येक कागद नाकाशी धरून शाई वाळली का ते हुंगतात. काल त्यांच्या मशीनवर ‘हा शेअर दुप्पट होणार’ असं पत्रक पाहून मी हुरळूनच गेले. बहिणीच्या फीचे पैसे आत्ताच लावायचे!

काकांनी पत्रक माझ्या हातातून ओढून घेतलं. “शाई ओली हाय गो, पण बातमी शिळी हाय. हजार छापलीत. हजार जण धावले तर भाव तुझ्यासाठी थांबेल का? छापायला देणाऱ्यानं शेअर कधीच घेतलाय. आता त्याला विकायला गिऱ्हाईक पायजे.”

मी तशीच धावत जाऊन बहिणीची फी भरली.

पुढची टीप देणाऱ्याला तुम्हीही एवढंच विचारा: माझ्याआधी कुणाकुणाला सांगितलंत?