तेलाचा आळ

सुमनअक्का बाळंतिणीच्या खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबून हवा हुंगायची. अगरबत्ती, अत्तर, फिनेल, गुटखा, काहीही नाकात गेलं की तिच्या चेहऱ्यावर किळस उमटायची. कुणीतरी तिच्याच ताटात थुंकल्यासारखी. ‘‘पोरनं नाक काय बंद शे?’’ एवढंच विचारून ती खिडकी उघडायची.

एरंडोलच्या आमच्या भागात तान्ह्या बाळांना तेल लावून न्हाऊ घालायचं काम ती कित्येक वर्षं करत होती. साठीची, काटक बाई. नखं मुळापासून कापलेली, आणि बाळाला ओरखडा नको म्हणून हातात एक बांगडीसुद्धा नाही. माझी मुलगी जन्मली तेव्हा सासूबाईंनीच तिला बोलावून घेतलं. मी जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पण तान्ह्या बाळाबद्दल मला जे कळलं ते अक्काकडून.

पहिल्याच दिवशी तिने माझं वापरलेलं पातळ मागून घेतलं आणि बाळाच्या एका बाजूला ठेवलं. दुसऱ्या बाजूला धुतलेलं. थोड्या वेळाने बाळाची मान वापरलेल्या पातळाकडे वळली. ‘‘आईना वास ती पहिले वयखस, मंग तोंड,’’ अक्का म्हणाली. ओळख आधी वासाची, चेहऱ्याची नंतर. बाळाशी बोलताना चेहरा हातभर अंतरावर धरायचा, त्यापलीकडे त्याला सगळं धुकंच दिसतं, हेही तिनेच दाखवलं. अंगाला हात लावण्याआधी ती तळवा नुसता पोटावर टेकवून थांबायची. आपण आलोय हे त्या जिवाला कळू द्यायची. ‘त्याला काय कळतंय’ असं कुणी म्हणालं की तिचे ओठ वाकडे व्हायचे. ‘‘तिले बठ्ठं कयस. तुमले कयत नही.’’

त्याच दिवशी सासूबाई कोमट तेलाची वाटी घेऊन आल्या, बाळाच्या कानात दोन-दोन थेंब सोड म्हणाल्या. अक्काने वाटी हातानेच मागे सारली. कानमा तेल नही, असं तिने माझ्यासमोर, स्वच्छ शब्दांत सांगितलं. सासूबाई रागावल्या, पण वाटी परत गेली.

बाराव्या दिवशी बारसं झालं. त्या दिवसाची आठवण आली की अजून माझं तोंड कडू होतं. पाळण्यावर सात-आठ मोबाईल वाकलेले, एकेकाचा लखलखाट त्या उघड्या डोळ्यांत. नवऱ्याच्या मामांनी गुटख्याने लाल झालेल्या तोंडाने तिच्या गालाचा मुका घेतला आणि गालावर ओला डाग राहिला. अक्काने तो पदराच्या टोकाने पुसला, मग ते टोक धुवायला मोरीत गेली. नणंदेने बाळाच्या कानात नाव सांगितलं, सानिका, आणि सगळ्या बायका हसल्या.

मग अंगणातल्या स्पीकरची कर्कश शिट्टी वाजली. आम्ही सगळ्यांनी कान झाकले. पाळणा दाराशीच होता. सानिका जागी होती, झालरीकडे बघत होती. तिची पापणीसुद्धा हलली नाही. ‘किती गुणाची पोर, दचकत नाही,’ असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी री ओढली. अक्का मात्र पाळण्याजवळ गेली. बाळाच्या मागे उभी राहून तिने वाटीवर चमचा वाजवला. एकदा, दोनदा, तीनदा.

ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. चार दिवसांपासून संशय होता, पण खात्री नव्हती, असं म्हणाली. वासाला वळते, उजेडाला वळते, हाताला वळते, आवाजाला वळत नाही. मग माझा दंड धरून हळूच म्हणाली, ‘‘बाई, तुन्ही पोरले ऐकू येस नही. डॉक्टरले दखाड.’’

सासूबाई दारातच उभ्या होत्या. घरात पाहुणे होते, त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं की हिनेच कानात तेल ओतून पोरीचे कान घालवले आणि आता अंग काढून घेतेय.

अक्काने सासूबाईंकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला ती वाटी माहीत होती, मागे सारलेला हात माहीत होता. आणखीही एक गोष्ट माहीत होती. दवाखान्यातून निघताना मिळालेल्या कागदावर बाळाची श्रवणतपासणी करून घ्या, अशी ओळ होती. ती वाचून मी कागद घडी करून ठेवला होता. मी खाली मान घातली. अक्का मोरीत गेली, हात धुतले आणि निघून गेली.

तिसऱ्या महिन्यात आम्ही जळगावला तपासणी केली. डॉक्टर म्हणाले, दोष जन्मापासूनचा आहे, तेलाचा संबंध नाही. घरी येऊन मी ते सांगितलं. सासूबाई भाजी निवडत राहिल्या, म्हणाल्या, डॉक्टर काय, काहीही सांगतात. तोवर आळ गावभर झाला होता. बाळंतिणींच्या घरांनी अक्काला बोलावणं बंद केलं आणि ती धुळ्याला मुलीकडे राहायला गेली.

सानिकाला कानाचं यंत्र बसलं, वर्षाची व्हायला आली, तेव्हा कुठे मी तिला घेऊन धुळ्याला गेले. अक्का खाटेवर बसली होती. मला ‘ये’ म्हणाली नाही, पण सानिकाला घेतलं. यंत्र काढून बाजूला ठेवलं, तिची पाठ आपल्या छातीला टेकवली आणि गुणगुणायला लागली. सानिका एकदम शांत झाली. छातीतली थरथर तिच्या पाठीत उतरत असावी, तिचे डोळे मोठे झाले. इतके महिने मी तिच्याशी नुसती तोंडाने बोलत होते.

मी माफी मागितली. रडलेही. अक्काने उंबऱ्यावर हवा हुंगताना व्हायचा तसा चेहरा केला. या वेळी तो माझ्यासाठी होता.

‘‘आठे बोलीसन काय व्हई? एरंडोलमा बोल. बठ्ठासमोर बोल.’’

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी घर बायकांनी भरलं होतं. मी वाणाचं ताट खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. अक्काने कानात तेल घातलंच नव्हतं, ती नको म्हणाली होती, आणि मला माहीत असून मी गप्प बसले. दोघीतिघी तिळगूळ न घेताच उठल्या. सासूबाई त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत.

मी अक्काच्या मुलीला फोन केला. तिने आईला सांगितलं. अक्काने विचारलं म्हणे, कोण-कोण होतं. मुलीने एकेक घर सांगितलं, ती प्रत्येक नावाला हुंकार देत राहिली. शेवटी म्हणाली, ‘‘उशीर व्हई गया,’’ आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्यानंतर दोन घरांनी तिला बोलावणं पाठवलं. ती आली नाही. त्याच उन्हाळ्यात ती गेली. तिच्या हातून न्हालेलं शेवटचं बाळ माझंच.